सासऱ्यांचं ओसीआय कार्ड

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला प्रमुख पाहुण्या म्हणून आल्या आणि भारतातून आलेल्यांच्या सातव्या पिढीलाही ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळेल असं जाहीर करून गेल्या. आमच्या घरात ही बातमी रात्री टीव्हीवर लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवत मला विचारलं, "मग, आपण कधी जायचं?" कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं.

आधी मी कोण ते सांगते. माहेर चिपळूणचं. नवरा मॉरिशसचा मराठी माणूस, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात शिकायला आला होता. लग्न होऊन इथे आले तेव्हा घरात सगळे क्रिओल, म्हणजे इथली फ्रेंच वळणाची बोली, बोलत होते आणि देवघरात गणपती होता. सासऱ्यांना मराठी येतं, पण ते शाळेचं आणि गावातल्या संध्याकाळच्या बैठकेचं. दिवसभर गोठ्यात आणि उसात राबलेली माणसं रात्री कंदिलाच्या उजेडात मुलांना अक्षरं गिरवायला लावत, त्या बैठकांत ते शिकले. त्यामुळे त्यांचं मराठी छापील आहे. मला अजून "आपण भोजन केलंत का?" असं विचारतात.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही. आयुष्यभराचा व्हिसा म्हणा फार तर. आमच्या घरात खरी गरज कुणालाच नव्हती. मुलांना माझ्याकडून मिळतं, नवऱ्याला माझा नवरा म्हणून मिळतं. नवरा म्हणाला, "मी बायकोच्या नावावर घेतो, मला या भानगडीतून मोकळं करा." सासरे मात्र अडून बसले. एक तर सुनेच्या नात्याने सासऱ्याला कार्ड मिळत नाही. आणि मिळत असतं तरी त्यांनी घेतलं नसतं. त्यांना ते आज्याच्या नावावर हवं होतं. आजा म्हणजे त्यांच्या पणज्याचा बाप, कराराचा मजूर म्हणून उसाच्या मळ्यावर पहिला आलेला. घरात त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की तो मुंबईहून जहाजात बसला, अंगाने धिप्पाड होता आणि कुणाचं ऐकून घेत नसे. तिसरी गोष्ट मला पटण्यासारखी होती.

काम सोपं वाटतं. स्वतःचा जन्मदाखला, मग बापाचा, मग बापाच्या बापाचा, असं एकेक पायरी चढत जायचं, जहाजातून उतरलेल्या माणसापर्यंत. त्याचा इमिग्रेशनचा उतारा मोका या गावातल्या महात्मा गांधी संस्थेतून मिळतो. तो सगळा गठ्ठा भारतीय उच्चायुक्तालयात द्यायचा. पहिल्या दोन पायऱ्या भराभर चढलो. राजधानी पोर्ट लुईला नागरी नोंदणीच्या कार्यालयात अर्ज केले, शुल्क भरलं, दाखले आले. पुढे घोळ सुरू झाला.

पहिला घोळ आडनावाचा. आमचं आडनाव इथे लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. पण मुळात ते आडनाव नाहीच. कुणा एका माणसाचं ते पाळण्यातलं नाव. कारकुनाने विचारलं, तुझं नाव? त्याने सांगितलं. त्याच्या मुलाच्या दाखल्यावर तेच मागे लागलं, नातवाच्या दाखल्यावरही. मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या निम्म्याअधिक घरांची हीच गत असेल. इथे फोन डिरेक्टरी उघडली की दीडशे वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या, बिहारमधल्या, आंध्रातल्या मजुरांची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. आणि हे नाव ज्याने जसं ऐकलं तसं लिहिलं. आमच्या तीन दाखल्यांवर तीन स्पेलिंगं निघाली. हे तिन्ही एकच, असं वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घ्यावं लागलं.

दुसरा घोळ जास्त नाजूक होता. सासऱ्यांच्या पणजोबांचा जन्मदाखला हाती आला, त्यात बापाचं नावच नव्हतं. आईचं होतं. सासऱ्यांचा चेहरा पडला. खिडकीपलीकडच्या बाईंना अशा चेहऱ्यांची सवय असावी. त्यांनी शांतपणे सांगितलं, की तेव्हाच्या भारतीय लोकांची लग्नं देवाधर्मासमोर व्हायची, सरकारदरबारी नोंद नसायची. मग कायद्याच्या लेखी मूल अनौरस. आईच्या नावावर नोंदवायचं. कधी बाप नंतर येऊन मूल आपलं म्हणून सांगायचा, कधी नाही. "यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मिस्ये," त्या म्हणाल्या, "अर्धं बेट असंच नोंदलेलं आहे." सासरे मान हलवत बाहेर आले आणि पार बाजारापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

बाजार म्हणजे पोर्ट लुईचा मध्यवर्ती बाजार. खाली भाज्या, वर पर्यटकांसाठी डोडोचे टी-शर्ट आणि टोपल्या. तिथे आलुदा प्यायचा, म्हणजे दूध, तुकमराई (सब्जा) आणि आगारच्या फिती, आपल्या फालुद्याचा हा इथला भाऊबंद. आणि दाल पुरी खायची. गूळ न घातलेली पुरणपोळी, एकावर एक दोन, आत वालासारखी उसळ, टोमॅटोचा रुगाय आणि कोथिंबिरीची चटणी, कागदात गुंडाळून हातात. उभ्याने खायची. बिहारी मजुरांनी आणलेली ही वस्तू आज आफ्रिकन वंशाचे क्रिओल, चिनी, मुसलमान, फ्रेंच वंशाचे गोरे सगळे एकाच रांगेत उभे राहून घेतात. पर्यटकांना समुद्रकिनारे दाखवणारे लोक दाल पुरीच्या रांगेत का उभं करत नाहीत, हे मला कळलेलं नाही. या देशाचा इतिहास तिथे लवकर कळेल.

दाल पुरी संपल्यावर सासऱ्यांनी पुन्हा दाखला काढला आणि चष्मा कपाळावर चढवून वाचला. आईचं नाव होतं पारबुट्टी. म्हणजे पार्वती. आणि नावापुढे एक आकडा होता, सहा अंकी. आजवर आज्याच्या मागे लागलेल्या या कुटुंबाला नंबर सापडला तो आजीचा.

हा आकडा म्हणजे या सगळ्या कामाची किल्ली. जहाजातून उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक नंबर मिळायचा आणि तो मरेपर्यंत त्याला चिकटून राहायचा. लग्नात, बाळाच्या नोंदीत, मृत्यूच्या दाखल्यात, कोर्टात, सगळीकडे. नाव दहा प्रकारे लिहिलं गेलं, नंबर बदलला नाही. तुमच्यापैकी कुणाचे दूरचे नातेवाईक इथे असतील आणि कुणी शोधायला बसलं असेल, तर आधी जुन्या दाखल्यांत हा नंबर शोधा. नावाने शोधायला गेलात तर नुसत्या रामा आणि गोविंदांचीच पानंच्या पानं निघतात.

मोका हे पोर्ट लुईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, थोडं गार. महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे, हिंदी, तमिळ, तेलुगूचे आहेत, संगीत-नृत्य शिकवतात. आणि तिथेच स्थलांतराचं संग्रहालय आणि दप्तर आहे. गांधीजींचं नाव उगाच दिलेलं नाही. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना त्यांचं जहाज इथे थांबलं आणि ते काही दिवस राहिले. मजुरांना त्यांनी सांगितलं ते मुलांना शिकवा म्हणून. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर आले आणि मजुरांची वकिली करू लागले.

दप्तरात आपण अर्ज द्यायचा, सोबत दाखल्यांची साखळी द्यायची, मग तिथले लोक शोधतात. आमचं बोलावणं आलं त्या दिवशी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. आतल्या माणसाने टेबलापलीकडे ठेवलेली जाडजूड वही आमच्याकडे फिरवली आणि पट्टीने एक ओळ दाखवली. शाई तपकिरी झालेली, अक्षर तिरकं, घाईचं. नाव, पारबुट्टी. बापाचं नाव. वय १८. उंची ४ फूट ९ इंच. खुणेच्या रकान्यात हनुवटीवरच्या गोंदणाची नोंद. जिल्हा रत्नागिरी, स्पेलिंग विचित्र पण वाचता येण्याजोगं. गाव: नुंदगाम किंवा नुंदगाव. त्यापुढे जात, जहाज, तारीख, कुठल्या ऊसमळ्यावर पाठवली ते. शेवटच्या रकान्यात: अमुक नंबरची बायको.

जातीच्या रकान्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. घरात पिढ्यानपिढ्या जे सांगत आले ते नव्हतं, एवढंच. सासऱ्यांनी वाचलं, बोट उचललं आणि पुढच्या रकान्यावर ठेवलं. माझ्या मते बेटावर आल्यावर मराठी लोकांनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच, बोट उचलून पुढे ठेवणं. मूठभर माणसं होती. मुंबई बंदरातून सुटलेले मजूर कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने फार थोडे. त्यातही रोटी-बेटी बघत बसले असते तर दुसऱ्या पिढीतच संपले असते.

त्या "अमुक नंबर"वरून आजाही निघाला. त्याच जहाजाने आलेला. उंची ५ फूट २ इंच. सासऱ्यांनी तो आकडा दोनदा विचारला. धिप्पाडपणाचं काय झालं ते घरात पुन्हा कुणी काढलेलं नाही. जिल्हा रत्नागिरीच, पण गावावर पाणी पडून शाई पसरलेली. पहिलं अक्षर 'क' असेल किंवा 'प'. तिथल्या माणसाने भिंग दिलं, नवऱ्याने मोबाइलवर मोठं करून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. एवढं मात्र कळलं की दोघांचं गाव एक नव्हतं. मग लग्न कुठे झालं? गावाकडे, की मुंबईच्या डेपोत जहाजाची वाट बघताना? एकट्या बाईला जहाजात कुणाची तरी सोबत लागे, आणि बायको सोबत असली तर पुरुषाला पाठवणं दलालालाही सोपं जाई. असे संसार डेपोत बरेच जमले. हे मी बोलले तेव्हा सासरे म्हणाले, "आपण हे घरी सांगू नये." मी घरी सांगितलं नाही. इथे लिहितेय, ते वाचायला सांगेन त्यांना नंतर.

फोटो नव्हता. डेपोत मजुरांचे फोटो काढायला सुरुवात झाली ती १८६० च्या दशकात, आणि आमची माणसं त्याच्या आधी आलेली. दुसऱ्यांचे फोटो मात्र पाहिले. छातीपाशी नंबर, नजर समोर, कुणी हसत नाही. बघायला फार आवडतात लोकांना. पण ते आठवणीसाठी काढलेले नाहीत. १८६७ च्या कायद्याने गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, संपवून मोकळ्या झालेल्या जुन्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या म्हणून पोलीस धरत. लोक इतके गांजले की १८७१ मध्ये अदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या मळेवाल्याने त्यांच्या वतीने गव्हर्नरला अर्ज लिहिला, त्यावर ९,४०१ मजुरांच्या सह्या-अंगठे होते. मग चौकशीला रॉयल कमिशन आलं. म्हणजे ज्या दप्तरामुळे आज आम्हाला पार्वतीचं गोंदण कळलं, ते दप्तर ती पळून गेली तर ओळखता यावी म्हणून भरलेलं. वहीची पानं बघताना मला हे सतत बोचत होतं.

उतारा मिळायला वेळ होता, तोवर आम्ही पुन्हा पोर्ट लुईला गेलो आणि सासऱ्यांच्या आग्रहाने आप्रवासी घाट, म्हणजे मजुरांना जहाजातून उतरवायची जागा, पाहिला. त्यांनी तो कित्येकदा पाहिलेला आहे, २ नोव्हेंबरच्या सुट्टीला इथे कार्यक्रम असतात. या वेळी ते वेगळ्या कारणाने आले होते. १८३४ मध्ये त्या तारखेला 'ॲटलास' जहाजातून ३६ मजूर उतरले. गुलामी संपत होती, ऊस तोडायला माणसं हवी होती. गुलामांऐवजी कराराचे मजूर, या युक्तीला ब्रिटिशांनी नाव दिलं 'महाप्रयोग'. इथे चालला म्हणून मग त्रिनिदाद, गयाना, फिजी, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, सगळीकडे नेला. १९२० च्या आसपासपर्यंत या एका बेटावर जवळजवळ पाच लाख माणसं उतरली. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. एक दिवस कामावर गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचे.

घाट १८४९ चा. बघायला गेलं तर फार काही नाही. काळ्या दगडाच्या थोड्या भिंती, छपऱ्यांचे पाये, स्वयंपाकाची जागा, दवाखान्याचं दार. बराचसा भाग हमरस्त्याखाली गेला. आणि पाण्याकडून वर येणाऱ्या १६ पायऱ्या. २००६ मध्ये जागतिक वारशात गेला तेव्हा बाहेरचे लोक म्हणाले असतील, या पडक्या भिंतीत काय आहे. सासरे पायऱ्यांपाशी उभे राहून हिशोब करत होते. ४ फूट ९ इंच. "पायरी उंच आहे," ते म्हणाले. "तिला लुगडं वर धरावं लागलं असेल." शेजारीच माहिती केंद्र आहे, त्यात जहाजाचा तळ उभा केलाय, तिथे मुलांना जरूर न्या. आणि वेळ असेल तर दहा-पंधरा मिनिटांवर कंपनी गार्डनपाशी नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय आहे. डोडोचा सांगाडा तिथे आहे. १५९८ ला डच आले, शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. डचांनी राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं, १७१० ला कंटाळून निघून गेले. मग फ्रेंच, मग १८१० पासून इंग्रज. आज कायदे निम्मे फ्रेंच, संसद इंग्रजी, वर्तमानपत्रं फ्रेंच आणि भांडणं क्रिओलमध्ये.

त्या दिवशी आमच्यासोबत शेजारची तांतीन होती, तिला शहरात काम होतं. तांतीन म्हणजे मावशी-काकू कुणीही. ती क्रिओल, म्हणजे आफ्रिकन वंशाची, माझ्या मुलांना तिनेच वाढवलंय. घाटावरून आम्ही जुन्या लष्करी इस्पितळात गेलो, तिथे आता गुलामगिरीचं संग्रहालय झालंय. सगळं बघून झाल्यावर ती सासऱ्यांना म्हणाली, "तुम्हाला नंबर तरी दिला. बापाचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. आमच्याकडे काय?" गुलामांच्याही याद्या ब्रिटिशांनी केल्या. पण त्या मालकाच्या मालमत्तेच्या याद्या. मादागास्कर किंवा मोझांबिक एवढं कधी लिहिलेलं सापडतं, नाव मालकाने ठेवलेलं. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपली, त्या वेळी वीस लाख पौंडांहून जास्त भरपाई दिली गेली. ती मालकांना. तांतीनला हे पाठ आहे.

पुढच्या रविवारी तिच्याच सांगण्यावरून आम्ही सगळे ल मॉर्नला गेलो. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ५५६ मीटरचा सुळका, समुद्रात घुसलेला. खाली पांढरी वाळू, महागडी हॉटेलं, पतंगाला लटकून लाटांवर उडणारे युरोपीय. वर पळून आलेले गुलाम लपायचे. मुक्तीची बातमी सांगायला शिपाई वर चढले, तेव्हा आपल्याला पकडायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं सांगतात. इतिहासकार याला आख्यायिका म्हणतात. तांतीनच्या घरी कुणी म्हणत नाही. २००८ पासून तोही जागतिक वारसा आहे. एवढ्याशा देशाला दोन वारसे, एक बांधून आणलेल्यांचा आणि एक करार करून आणलेल्यांचा. पर्यटक म्हणून आलात तर सकाळी लवकर चढा. शेवटचा टप्पा हातापायांनी चढायचा आहे, चप्पल घालून जाऊ नका. सासरे आणि तांतीन खाली स्मारकापाशी सावलीत बसले आणि आम्ही परत येईपर्यंत त्यांनी आणलेले सगळे गातो पिमाँ, म्हणजे डाळीचे तिखट वडे, संपवले होते.

उतारा आला. आता सासऱ्यांसमोर प्रश्न, नांदगाव कुठलं? मी हसले, कारण महाराष्ट्रात नांदगावं पैशाला पासरी. नाशिक जिल्ह्यात तर तालुकाच आहे, मुरुडजवळ समुद्राकाठी एक आहे, कणकवलीजवळ एक. जिल्हा रत्नागिरी लिहिलंय म्हणजे कणकवलीचं का नाही? आज ते सिंधुदुर्गात असलं तरी सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये, पार्वतीच्या वेळी सगळा रत्नागिरीच. शिवाय कारकुनाने 'नुंदगाव' लिहिलं ते नांदगाव आहे की आणखी काही, हेही कुणी सांगावं?

मी एक वेगळा धागा काढला. इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. बेटावरचा पहिला गणपती १८९६ मध्ये हेन्रिएटा इथे एका मराठी कुटुंबाने बसवला, असं इथले मराठी लोक सांगतात. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला मला कास्कावेलला नेलं होतं. पश्चिम किनाऱ्याजवळचं हे गाव, आजूबाजूला ऊस, मराठी वस्ती मोठी. रात्री आरती झाली आणि मग पुरुष कमरेला शेला बांधून गोल उभे राहिले, मध्ये ढोलकी, पायांत चाळ. म्हणाले, आता झाकरी. आणि पहिल्या ठेक्यालाच मला घाम फुटला, कारण ती आमची जाखडी होती. चिपळूण-गुहागरकडचा बाल्या नाच. तीच गोल चाल, तोच पाय आपटून वळण्याचा झटका. शब्द अर्धे झिजलेले, काही ओळींचा अर्थ गाणाऱ्यांनाही लागत नव्हता, मला लागत होता. मी सगळ्यांसमोर रडले आणि त्यांना वाटलं सुनेला घरची आठवण आली.

तर माझं म्हणणं, जाखडी जिथली तिथलं नांदगाव शोधा, उत्तर रत्नागिरीत. सासऱ्यांचं म्हणणं, झाकरी साऱ्या मराठ्यांची झाली, ती कुणी आणली काय ठाऊक, कदाचित आज्यानेच, त्याच्या 'क' किंवा 'प' गावाहून. त्यात तथ्य आहे. काही झालं तरी झाकरीच्या आधारे उच्चायुक्तालय कार्ड देत नाही.

गठ्ठा देण्याचं काम त्या मानाने कंटाळवाणं. ऑनलाइन अर्ज भरा, चौकोनी फोटो फिक्या पार्श्वभूमीवर, सही चौकटीच्या आत. सासऱ्यांची सही लांबलचक, बैठकेत शिकलेल्या देवनागरीत, शेवटी एक शेपूट. चौकटीत मावेना. शेपूट कापायला ते तयार नव्हते. शेवटी बारीक पेनाने केली. मधल्या एका कार्यालयात, नाव घेत नाही, आमचा एक कागद हरवला आणि कित्येक आठवडे "पुढच्या आठवड्यात या" एवढंच ऐकलं. नवऱ्याचा पारा चढला. सासरे म्हणाले, "ती पाच वर्षं थांबली, आपण थोडं थांबू." माझ्या लक्षात आलं की ते आता आज्याचं नाव घेत नव्हते.

अर्जात मूळ भारतीय पूर्वजाचं नाव लिहायचं होतं. कागद दोघांचे होते, पण पार्वतीच्या कागदावर गाव होतं आणि सगळी साखळी तिच्यावरून नीट जुळत होती. सासऱ्यांनी मला लिहायला सांगितलं, तिचं लिही. स्पेलिंग वहीतलंच ठेवायचं, पारबुट्टी. चुकीचं आहे म्हणून सुधारायचं नाही, नाहीतर आणखी एक प्रतिज्ञापत्र.

अर्ज देऊन परतताना ते गंगा तलावला चला म्हणाले. डोंगरातलं हे विवराचं तळं. १८९७ च्या सुमारास त्रिओले गावच्या झुम्मन गिरी नावाच्या पुजाऱ्यांना स्वप्नात दिसलं, इथे गंगा आहे, आणि पुढच्या वर्षी पहिली यात्रा निघाली. आज महाशिवरात्रीला लाखो माणसं बेटाच्या कानाकोपऱ्यातून कावड घेऊन चालत येतात, रस्त्यात अनोळखी लोक, त्यात ख्रिश्चनही, पाणी आणि फळं देतात. १९७२ मध्ये भारतातून गंगाजल आणून यात मिसळलं. काठावर ३३ मीटर उंच शंकराची मूर्ती आहे, तिचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मूर्तीपेक्षा मला तिथलं धुकं आणि प्रसाद चोरणारी माकडं आवडतात. सासऱ्यांनी उताऱ्याची झेरॉक्स पाण्याला लावली आणि खिशात घातली. ओली झाली. मूळ प्रत माझ्याकडे होती म्हणून बरं.

कार्ड आलं. निळसर, छोटी पुस्तिका, पासपोर्टसारखी. सासऱ्यांनी ती दोन दिवस टीव्हीवर ठेवली, मग कपाटात. आता नकाशा काढून बसले आहेत. कणकवलीचं नांदगाव आधी, मग चिपळूण, मग मी म्हणते तिकडची गावं, आणि प्रत्येक ठिकाणी हनुवटीवर गोंदणाची पद्धत होती का ते विचारायचं. मी म्हटलं डिसेंबरात जाऊ, हवा चांगली असते. त्यांनी ठामपणे सांगितलं की कोकणात जायचं तर गणपतीतच, मुंबईहून रेल्वेने, आयत्या वेळी स्टेशनवर जाऊन तिकीट काढून, साध्या माणसांसारखं. गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट कसं मिळतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.